साहेब बाहेर गेल्यावर

हल्ली कोणत्याही बऱ्या कंपनीत वर्षातून एकदा साहेबलोकांना लोणावळ्याच्या नाहीतर कर्जतच्या रिसॉर्टवर नेतात आणि हातात एक प्रश्नपत्रिका देतात. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'तुमची नेतृत्वशैली ओळखा'. खाली प्रश्न. हाताखालच्या माणसाकडून चूक झाली तर तुम्ही काय करता? अ) सगळ्यांसमोर झापता. ब) बाजूला घेऊन शांतपणे समजावता. क) दुर्लक्ष करता. ज्याने सकाळी बसमध्ये चढतानाच ड्रायव्हरला सगळ्यांसमोर झापलेलं असतं, तोही न अडखळता 'ब'वर खूण करतो. 'ब' हे बरोबर उत्तर आहे हे त्याला कळतं. तो शाळेत हुशार होता म्हणून तर साहेब झाला. तासाभराने निकाल लागतो आणि सभागृहातले यच्चयावत साहेब लोकशाहीवादी निघतात. मग बुफे.

या परीक्षेतला घोळ असा की ती भलत्याच माणसाला देतात. साहेबाची शैली जाणून घ्यायची तर केबिनच्या दाराशी स्टुलावर बसणाऱ्या शिपायाला विचारावं. त्याला प्रश्नपत्रिकाही लागत नाही. बेल कशी वाजली यावरून आत पाणी न्यायचं, चहा न्यायचा, की 'झेरॉक्सला गेलो होतो' म्हणत थोडा वेळ गायब व्हायचं, हे तो ठरवतो. बाकीच्या खात्यानेही निकाल केव्हाच लावलेला असतो, तो टोपणनावाच्या रूपाने. एका कचेरीत 'तूर्तास' नावाचे साहेब होते. त्यांची प्रत्येक आज्ञा याच शब्दाने सुरू व्हायची आणि कायमचं असं त्यांनी काहीच ठरवलं नाही. ते निवृत्त झाले तेही तूर्तासच असावेत, असा खात्याला बरेच दिवस संशय होता. दुसरीकडे 'दोन मिनिटं' मॅडम होत्या. त्यांनी 'दोन मिनिटं आत या' म्हटलं की लोक आधी डबा खाऊन घेत. 'हिटलर' तर प्रत्येक ऑफिसात असतोच. ते पद मंजूर असतं, माणसं तेवढी बदलतात.

ही नावं ज्याची त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असतात.

खऱ्या हिटलरमुळे देश सोडावा लागलेल्या एका माणसाने मात्र या विषयात मनापासून लक्ष घातलं. कुर्ट लेविन हे ज्यू मानसशास्त्रज्ञ. १९३३ साली ते जर्मनीतून अमेरिकेत गेले. पुढे आयोवा विद्यापीठात रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या दोघांना बरोबर घेऊन त्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळं काढली. मुलांनी जमायचं, मुखवटे बनवायचे, असला उद्योग. प्रत्येक मंडळावर एक मोठा माणूस पुढारी म्हणून नेमलेला. एक पुढारी हुकूमशहा: काय करायचं, कुणी कुणाबरोबर करायचं, सगळं तोच सांगणार आणि यापुढे काय करायचं आहे हे मात्र आधी कुणालाही कळू देणार नाही. दुसरा मुलांना विचारून ठरवणार. तिसरा सामान देऊन बाजूला बसणार, विचाराल तेवढंच बोलणार. गंमत म्हणजे हा तिसरा प्रकार मुळात योजलेलाच नव्हता. व्हाइट यांना लोकशाहीवादी पुढारी व्हायला सांगितलं होतं, पण मुलं मोकाट सुटली. तेव्हा लेविन यांच्या लक्षात आलं की ही लोकशाही नव्हे, हे काहीतरी निराळंच चाललं आहे. मग त्यालाही रीतसर प्रयोगात सामील करून घेतलं. म्हणजे जगातल्या तीन सुप्रसिद्ध नेतृत्वशैलींपैकी एक शैली दुसरी जमली नाही म्हणून जन्माला आली आहे.

१९३९ साली हे सगळं छापून आलं. त्यातला मला सर्वांत आवडलेला भाग असा की मधूनच पुढाऱ्याने काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जायचं, आणि मागे मुलं काय करतात हे निरीक्षकांनी टिपायचं. हुकूमशहा बाहेर पडला की काम धाडकन खाली आलं. तो असताना जी मुलं मान खाली घालून राबत होती, ती एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायला लागली. सगळ्यांना विचारून चालणारा पुढारी बाहेर गेला तेव्हा मुलं जवळपास तशीच काम करत राहिली. तो गेला हे त्यांच्या फारसं ध्यानातही आलं नसावं. आता हे वाचून कोणत्या साहेबाला बरं वाटेल?

आमच्या सोसायटीत हा प्रयोग कोणत्याही विद्यापीठाच्या मदतीशिवाय पार पडला. चेअरमन म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांच्या सूचनाफलकाची सुरुवात 'सर्व सभासदांस सक्त ताकीद' अशी असते, मग खाली भले संक्रांतीच्या तिळगुळाचं आमंत्रण असो. जिन्यात चपला कोणत्या दिशेला तोंड करून ठेवायच्या याचं परिपत्रक निघालेलं आहे. ते खाली उतरले की वॉचमन उभा राहतो, खेळणारी पोरं क्रिकेटची बॅट पाठीमागे लपवतात आणि गाडी धुणारा पाण्याचा नळ बंद करून गाडीला नुसताच फडका मारत राहतो. सगळं कसं घड्याळासारखं. एका वर्षी मुलीच्या बाळंतपणाला ते सपत्नीक न्यू जर्सीला गेले. आठवड्याच्या आत अग्निशमन दलासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत स्कूटरी लागल्या, ओला आणि सुका कचरा एकाच डब्यात नांदू लागला आणि वॉचमन चेअरमनच्याच खुर्चीत, चेअरमनच्याच पद्धतीने मान मागे टाकून झोपू लागला. चपला मन मानेल त्या दिशेला बघत होत्या. लोकांना कचरा वेगळा करता येत नव्हता असं नाही. पण तो आजवर चेअरमनचा कचरा होता. त्यांनी वेगळा करायला सांगितला म्हणून केला. ते गेले, तेव्हा उरला तो नुसता कचरा.

तरीही या गृहस्थांवर अन्याय नको. २६ जुलै २००५च्या रात्री आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी होतं. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी फक्त जिन्याच्या किती पायऱ्या उरल्या ते दिसत होतं. तेव्हा याच माणसाने लुंगी खोचून मेन स्विच बंद करायला लावला, तळमजल्यावरची बिऱ्हाडं वर चढवली, कोणाच्या घरी कोण झोपणार हे ओरडून जाहीर केलं आणि प्रत्येक मजल्याने एक पातेलं खिचडी टाकावी असा हुकूम सोडला. कोणी म्हणालं नाही की आधी चर्चा करू. एरवी डाळीत हिंग किती यावरून अबोला धरणाऱ्या दोन घरांनी एका पातेल्यात खिचडी शिजवली. पाणी घोट्याशी असताना एक शैली लागते आणि कमरेशी आल्यावर दुसरी, असं व्यवस्थापनशास्त्रातले पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ सालीच जवळपास याच अर्थाने सांगितलं होतं. फक्त त्यांच्या आलेखात पाण्याच्या जागी माणसांची तयारी असते. आमची अडचण एवढीच की पाणी दोन दिवसांत ओसरलं, आणि चेअरमनचा आवाज ओसरला नाही.

ते न्यू जर्सीत असताना बिल्डिंगला रंग काढायचं काम सेक्रेटरींच्या गळ्यात पडलं. सेक्रेटरी लोकशाहीवादी. म्हणजे प्रश्नपत्रिकेतले नाहीत, खरोखरचे. त्यांनी व्हॉट्सॲपवर मतदान घेतलं: बदामी, बिस्किटी की फिका बदामी. मतदान होळीला सुरू झालं. एकाने तिन्हीवर खूण केली. एकाने तिन्हीवर आक्षेप घेऊन मोरपिशी सुचवला. कॅनडात स्थायिक झालेल्या एका चिरंजीवाने तिथून मत दिलं, त्यावर 'जो भिंत बघणारच नाही त्याला मत का' असा घटनात्मक पेच निघाला. शेवटी बिस्किटी रंग निवडून आला तोवर कोकणात पाऊस पोचला होता. रंग दिवाळीनंतर लागला. या सगळ्या काळात सेक्रेटरींना 'तुमच्याने काही व्हायचं नाही' हे वाक्य चारही मजल्यांवरून ऐकावं लागलं. पण ऐन कामात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं, ते हॉस्पिटलात पडून, आणि इकडे काम एक दिवस थांबलं नाही. कारण प्रत्येकाला तो रंग आपणच निवडून आणला आहे असं वाटत होतं. पहिल्या मजल्यावरचे आजोबा खाली खुर्ची टाकून डबे मोजत होते, प्रायमरचा एक हात कमी पडल्याचं बी विंगमधल्या एका मोरपिशीवाल्याने पकडलं. तो विरोधी पक्षात होता, म्हणून त्याची नजर जास्त बारीक.

आणि तिसरे? तेही आहेत. या सेक्रेटरींच्या आधी पद सांभाळणारे गृहस्थ कोणत्याही प्रश्नावर 'तुम्ही ठरवा' म्हणायचे. पंप जळाला? तुम्ही ठरवा. लिफ्टवाल्याचं कंत्राट? तुम्ही म्हणाल तसं. स्वभावाने इतके गोड की कुणाला राग येऊ शकत नसे, फक्त पाणी येत नसे. त्यांच्या कारकिर्दीत वार्षिक सभा म्हणजे एक बघण्यासारखा प्रकार होता. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या सभेच्या नोटिशीत तळाशी एक वाक्य असतंच: ठरल्या वेळी गणसंख्या पूर्ण न झाल्यास सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट राहणार नाही. सभासद नोटिशीतलं तेवढंच वाक्य वाचतात. त्यामुळे सहाची सभा साडेसहाला असते हे पोरासोरांना माहीत असतं. सहाच्या ठोक्याला आलेला माणूस नुकताच फ्लॅट घेतलेला असतो. तुम्ही-ठरवा काका सहाला यायचे, एकटेच बसायचे, सभा तहकूब झाल्याचं स्वतःला सांगायचे आणि पुन्हा सुरू करायचे. सगळे विषय 'पुढील सभेत' जायचे. व्हाइटसाहेब आयोवाला गेले नसते आणि आमच्या गच्चीवर आले असते, तरी शोध लागला असता.

'सगळे मिळून करू' हाही याच घराण्यातला. फ्रान्समधले शेतकी अभियंते मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून मोजमाप केलं होतं; १९१३ साली ते छापलं. एकटा माणूस जेवढा जोर लावतो तेवढा तो दोघांत लावत नाही, तिघांत त्याहून कमी, आणि आठ जण झाले की प्रत्येकाचा वाटा निम्म्यावर येतो. रिंगेलमाननी गणपतीचा मांडव बांधताना पाहिला असता तर त्यांना आकडे सुधारावे लागले असते. मांडवाची ताडपत्री ओढायला बाराजण. त्यांपैकी चौघे ओढतात, तिघे 'हळू, हळू' म्हणतात, दोघे फोनवर असतात, एक जण ताडपत्री गेल्या वर्षीपेक्षा लहान का दिसते हा मूलगामी प्रश्न विचारतो, आणि उरलेले दोघे फोटो काढतात. या फोटोत मात्र बाराही जण ओढताना दिसतात. सेक्रेटरींनी यंदा कोपरे वाटून दिले: हा खांब तुमचा, तो त्यांचा. खांबाला नाव चिकटल्याबरोबर प्रत्येक जण आपला खांब शेजारच्यापेक्षा सरळ असल्याचं दाखवू लागला. यात व्यवस्थापनाचं फार मोठं गूढ आहे असं नाही, पण हे सुचायला बऱ्याच ताडपत्र्या फाटाव्या लागतात.

एक शैली मात्र लेविन यांच्या खोलीत नव्हती. तिचं नाव 'दे इकडे'. डॅनियल गोलमन यांनी २००० साली हार्वर्डच्या नियतकालिकात सहा शैली सांगितल्या, त्यांत ही सापडते: जो स्वतः भराभर काम करतो, इतरांनीही त्याच वेगाने करावं अशी अपेक्षा धरतो, आणि न जमल्यास ते काम स्वतःकडे ओढून घेतो. अशा माणसामुळे खात्याची हवा बिघडते, असा गोलमन यांचा निष्कर्ष. त्यांनी आमच्या बी विंगच्या काकूंना न भेटता हे लिहिलं याचं नवल वाटतं. गणेश चतुर्थीला सोसायटीचे मोदक काकूंच्या स्वयंपाकघरात होतात. मदतीला सात-आठजणी. काकूंच्या मोदकाला कळ्या मोजून घ्याव्यात अशा, नाक चाफ्याच्या कळीसारखं. पहिल्या मजल्यावरची नवी सून उकड हातात घेऊन पारी करायला लागते, एक कळी पडते, दुसरी पडते, आणि तिसरीला काकूंचा हात येतो. 'दे इकडे. तुला नाही जमायचं.' मग सून नारळ खवायला बसते. थोड्या वेळाने 'दे इकडे, भुसा करशील' म्हणून खवणीही जाते. अकरा वाजेपर्यंत आठजणी भिंतीला टेकून बसलेल्या असतात आणि काकू एकट्या, घामाघूम, एकशे एक मोदक वळत म्हणत असतात, 'या घरात सगळं मलाच करावं लागतं.' दरवर्षी मदतीला येणाऱ्यांची संख्या घटते आणि मोदक दरवर्षी तितकेच सुंदर होतात. सत्तरी ओलांडलेल्या काकूंचा हात गेल्या वर्षी दुखायला लागला तेव्हा असं दिसून आलं की सबंध सोसायटीत मोदक येणारी दुसरी बाई नाही. मोदक दुकानातून आले. काकूंनी एक चाखला, काही बोलल्या नाहीत, आणि बॉक्सवरचा फोन नंबर मात्र फाडून घेतला. तक्रार करायला असणार.

अशा पुढाऱ्यांचा वैताग येऊनच की काय, रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९७० साली निबंध लिहून मांडलं की खरा नेता आधी सेवक असतो. बड्या टेलिफोन कंपनीत उभी हयात काढल्यावर त्यांना हे जाणवलं. आपल्याला ते चौकाचौकांत जाणवतं. 'जनसेवक' अशी पाटी नाही असा फ्लेक्स माझ्या पाहण्यात नाही, आणि त्याच फ्लेक्सवर सेवकाच्या गळ्यात सोन्याची साखळी, डोळ्यांवर काळा गॉगल आणि कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढे त्याचे सव्वीस सहकारी असतात. यांतले 'भावी' मला विशेष प्रिय. भावी नगरसेवक, भावी आमदार. ज्यांचं नेतृत्व अजून सुरूच झालेलं नाही अशांची शैली ओळखणं सोपं असतं, फ्लेक्स फाटेपर्यंत ती बदलत नाही.

थट्टा बाजूला ठेवून बघावं असंही नेतृत्व आपल्याकडे आहे, आणि ते पायी चालतं. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. हे मूळचे शिंद्यांच्या दरबारातले सरदार, त्यामुळे लष्करी शिस्त अंगातच. संध्याकाळी मुक्कामाला समाजआरती होते. शेकडो दिंड्या, हजारो टाळ, कानठळ्या बसाव्यात असा गजर. चोपदार मध्यभागी उभा राहून हातातला दंड वर उचलतो, आणि सगळं शांत होतं. माइकवरून 'कृपया शांतता राखा' नाही, शिट्टी नाही. पण शांत न होण्याचीही सोय आहे, आणि मला तीच थोर वाटते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. एवढ्या शांततेत एकाच दिंडीचे टाळ खणखणतात, मग चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणं ऐकून घेतो. निकाल लागतो, हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते, आणि मग आरती. तक्रार लिहून पेटीत टाकायची नाही, वर कोणाला न कळता कानात सांगायची नाही. सगळ्यांनी ऐकावी अशी वाजवायची, आणि पुढाऱ्याने चालत जाऊन विचारायचं. 'माझ्या केबिनचं दार सगळ्यांसाठी सदैव उघडं आहे' असं सांगणाऱ्या साहेबांना मी हे आवर्जून सांगतो. ते म्हणतात, वा, फार छान, आणि दार लावून घेतात. एसी असतो.

आमच्या सेक्रेटरींनी काही वर्षं वारी केलेली आहे. यंदा त्यांनी डोकं लढवलं. वार्षिक सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यावी लागते आणि गणपतीही त्याच सुमारास. तेव्हा सभा मांडवातच, रात्रीच्या आरतीला जोडून ठेवली. माणसं प्रसादाला आलेलीच असतात. टाळ हातांत असतात. चेअरमनही न्यू जर्सीहून परतले होते आणि आरतीची घंटा मानाने त्यांच्याकडे होती. मंत्रपुष्पांजली झाल्यावर सेक्रेटरींनी वारीतली पद्धत समजावून सांगितली: मी ही छत्री वर केली की ज्यांची काही तक्रार नाही त्यांनी टाळ थांबवावेत, ज्यांची आहे त्यांनी वाजवत राहावं, मी एकेकाकडे येईन.

त्यांनी छत्री वर केली.

ए विंग वाजवत राहिली, कारण बी विंगचं पाणी त्यांच्या भिंतीत झिरपतं. बी विंग जोरात वाजवू लागली, कारण ए विंगची पोरं त्यांच्या गाड्यांवर बॉल मारतात. मोरपिशीवाला दोन्ही विंगांच्या वर वाजवत होता. काकू तबकावर पळी आपटत होत्या. पोरांना तक्रार नव्हती, पण थांबायला काही कारणही नव्हतं. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे चेअरमनसाहेब दोन्ही हातांनी घंटा बडवत होते. आपण नसताना आगीच्या जागेत स्कूटरी कोणी लावल्या, हा प्रश्न ते अमेरिकेहून सामानात घेऊन आले होते. मांडवात एकच माणूस टाळ मांडीवर ठेवून शांत बसला होता. सेक्रेटरी छत्री तशीच धरून त्यांच्याजवळ गेले, वाकले आणि कानाशी ओरडले, "काका, तुमची खरंच काही तक्रार नाही?"

"तुम्ही म्हणाल तसं," तुम्ही-ठरवा काका म्हणाले.

त्या रात्री इतिवृत्तात नोंद झाली: गणसंख्या पूर्ण. एक सभासद समाधानी.